जीपच्या हाउसिंगवर (मागच्या अ‍ॅक्सलच्या लोखंडी पेटीवर) बांधलेल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक बसवता येतात का?

येतात. मी बसवले होते आणि त्यावर तीन हंगाम बाग फवारली.

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टर वडिलांनी मिस्त्रीकडून बांधून घेतलाय, ब्रेकचं पेडल एकच आहे, आणि द्राक्षाच्या ओळीच्या टोकाला स्टेअरिंग पूर्ण मारलं तरी तो सरळच जातो. डिस्क बसवू की ड्रमच ठेवू, असंही विचारलंय. त्याचं उत्तर पुढे देतो, कारण तुमचा प्रश्न वाचल्यावर मला २००९ चा नोव्हेंबर आठवला.

फयान वादळाचा पाऊस होता. तासगाव तालुक्यात आमची एकरभर बाग, नऊ बाय पाच फुटांची लागण, चोवीस ओळी, ओळीत चाळीस झाडं. ऑक्टोबर छाटणी झालेली, घड बाहेर पडलेले. पाऊस उघडला की त्याच रात्री डावणीची (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची) फवारणी व्हायलाच हवी, सकाळपर्यंत थांबलं की रोग पानात शिरतो आणि काही दिवसांनी पानामागं पांढरी बुरशी दिसायला लागते. ट्रॅक्टर आप्पांनी बांधून घेतलेला, तुमच्यासारखाच. मागं २०० लिटरची टाकी भरली की पुढची चाकं नुसती जमिनीला टेकल्यासारखी. काळी माती ओली. टोकाला आलो, स्टेअरिंग मारलं, बॅटरीच्या उजेडात खाली बघितलं तर पुढची दोन्ही चाकं पूर्ण वळलेली, पण फिरत नव्हती. चिखल आडवा ढकलत सरळ बांधाकडं चाललेली. प्रत्येक ओळीला दोन-तीनदा मागं-पुढं. सातव्या ओळीला पुढचं चाक ताणाच्या तारेत गेलं आणि टोकाचा अँगल वाकला. चोविसावी ओळ झाली तेव्हा उजाडलं होतं, आणि शेवटच्या आठ ओळींत डावणी आलीच.

त्या वेळी गावातला प्रत्येक जण म्हणाला, पुढं वजन टाक. मीही टाकलं. त्यानं स्टेअरिंग जड झालं, वळण होतं तेवढंच राहिलं. पुढच्या चाकांना माती धरत नसेल तर वळवायचं काम मागच्या चाकांनीच करायला हवं. कंपनीच्या ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल त्यासाठीच असतात. आतलं चाक धरलं की डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) बाहेरच्या चाकाला दुप्पट पळवतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो.

कुणी सांगेल की ट्रान्सफर केसमागं (गिअरबॉक्सची ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या पेटीमागं) जीपच्या हँडब्रेकचा ड्रम आहे, त्याचंच काहीतरी करू. काही होणार नाही. तो ब्रेक डिफरन्शियलच्या आधी आहे. मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, हँडब्रेक ओढा आणि एक चाक हातानं फिरवा, दुसरं उलटं फिरेल. वळायचा ब्रेक चाकापाशीच लागतो, आणि जीपच्या हाउसिंगला तो दोन्ही टोकांना आयता आहे.

फक्त हाउसिंगवरचा टी काढायचा. तिथंच मास्टर सिलिंडरची (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरची) एक नळी दोन चाकांना वाटली जाते. टीच्या जागी दोन स्वतंत्र नळ्या, दोन मास्टर सिलिंडर, उजव्या पायाखाली एकाच पिनवर शेजारी-शेजारी दोन पेडल. मी पहिल्यांदा मोटारसायकलच्या डिस्कचे मास्टर लावले, स्वस्त पडतात म्हणून. त्यांचं बोअर (आतला व्यास) लहान, ड्रमला तेल जास्त लागतं, पेडल तळाला जायचं तरी शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल) ड्रमला टेकत नव्हते. जीपचा एक इंची मास्टर एकाच चाकाला लावला तर पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं. पाऊण इंची बरोबर बसला. त्याआधी दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सलचे ऑइल सील बदला. एका लायनरला (शूवरच्या घासपट्टीला) ग्रीस-तेल लागलेलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक लागणारच नाही आणि तुम्ही मास्टरला दोष देत बसाल. ब्रेक ऑइलच वापरा, इंजिन ऑइलनं सिलिंडरचे रबर फुगतात. म्हणजे ड्रमच ठेवा. बागेतल्या वेगाला डिस्कची गरज नाही, आणि ती चिखलात उघडी राहते.

२०१० ते २०१२ मी टोकाला पाय ठेवून लगतच्या ओळीत शिरत होतो. एकर पहाटेच्या आत संपायचा.

मग दादानं एका सकाळी खत आणायला ट्रॅक्टर काढला. दोन्ही पेडल जोडणारी खिट्टी मी शेतात काढून ठेवलेली, ती त्यानं लावली नाही. ओढ्याच्या उतारावर समोर म्हैस आली, त्यानं दाबलं ते एकटं उजवं पेडल. ट्रॅक्टर आडवा झाला. दादाची गळ्याजवळची हाडं मोडली, दोन महिने हात गळ्यात. घरी आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते ब्रेक पुन्हा एक करण्याचं, आणि वळायला जागा व्हावी म्हणून प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांचं एकेक झाड तोडलं. अठ्ठेचाळीस झाडं. नऊशे साठातली अठ्ठेचाळीस, म्हणजे शंभराला पाच, दरवर्षी. आप्पांनी लावलेली. आजही दादा म्हणतो, "तुझ्या ब्रेकनं मला पाडलं." दादा, ब्रेकनं नाही पाडलं. खिट्टी नव्हती म्हणून पडलास, आणि ती लावायला मी सांगायला हवं होतं, हेही मी कबूल केलंय. पण पाच फूट जागेसाठी झाडं तोडायची गरज नव्हती.

म्हणून तुम्हाला सांगतो, टोकाची झाडं तोडू नका. आणि खिट्टी सुटी ठेवू नका, बिजागरीनं पेडललाच जोडा, पिवळा रंग द्या. बागेच्या फाटकातून बाहेर पडताना ती पाडायचीच, गाडी कुणीही चालवत असो. खिट्टी लावून कोरड्या सपाट जागेवर जोरात ब्रेक मारा आणि उतरून दोन्ही टायरच्या घासट्या बघा. एक लांब, एक आखूड असेल तर ड्रममागच्या अ‍ॅडजस्टरनं शू सारखे करा, नाहीतर जोडलेली पेडलंही एका बाजूला ओढतील. एका चाकाचा ब्रेक फक्त लो गिअरमध्ये, नाहीतर डिफरन्शियलचे लहान गिअर जातात. मागं ट्रॉली असताना नाहीच. आणि असल्या घरी बांधलेल्या गाडीला पासिंग नसतं, तेव्हा ती डांबरी रस्त्यावर नेऊच नका.

खर्चाचं विचारलंत. माझा आकडा २०१० चा आहे, तो आता तुमच्या कामाचा नाही. दोन मास्टर, ब्रेकची नळी, लेथवरची पिन आणि एका दिवसाची वेल्डिंग, एवढ्याचा भाव जवळच्या दुकानात विचारा. लायनर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.