हट्ट कमी होत नाही, कारण तो अधूनमधून पुरवला जातो

"मोबाईल दिल्याशिवाय घास घेत नाही. काढून घेतला की फरशीवर लोळतो, डोकं आपटतो. मुळातच हट्टी आहे का हो, मॅडम?" जळगावला माझ्याकडे येणारे तरुण आईवडील हा प्रश्न या ना त्या शब्दांत विचारतातच. पारोळ्याकडच्या एका घराचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा साडेतीन वर्षांचा. तान्हेपणी फार आजारी असायचा, त्यामुळे तो रडला की सगळं घर धावायचं. आता तब्येत उत्तम, पण धावणं तसंच राहिलं होतं. जेवताना मोबाईल नाही, असा नियम आईने केला होता आणि ती तो बऱ्यापैकी पाळायचीही. रडणं टिपेला पोहोचलं की मात्र आजीचा फोन पुढे यायचा. "पोऱ्या रडस तं मना जीव तुटस," आजी मला म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

आईची तक्रार वेगळी होती. "मी दहातल्या आठ वेळा नाहीच म्हणते. तरी हा आणखीच चिवट होतोय."

खरी गोम उरलेल्या दोन वेळांत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३०च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. पेटीतली दांडी दाबली की खाण्याची गोळी मिळायची. दर वेळी गोळी मिळालेला उंदीर, गोळ्या बंद झाल्यावर थोड्या वेळात दांडी सोडून देतो. ज्याला ती कधीतरीच, नेम नसताना मिळाली, तो मात्र कितीतरी जास्त वेळ दाबत राहतो. रोज मिळणारी गोष्ट थांबली की लगेच कळतं. कधीतरी मिळणारी थांबली आहे की आज फक्त उशीर होतोय, हे कळायला मार्ग नसतो. शिवाय गोळी बंद झाल्यावर सुरुवातीला दाबणं अनेकदा वाढतं आणि मगच उतरतं. घरात नेमक्या याच चढावर आपण फोन देतो. मग मूल शिकतं, की साधं रडून भागत नाही, एवढं मोठ्याने रडावं लागतं. यात त्याची लबाडी नाही. आपण जे शिकवलं ते तो नीट शिकला.

"पण उंदीर वेगळा, माझं लेकरू वेगळं," आई म्हणाली. रास्त शंका होती. तिला मी मानसशास्त्रज्ञ सी. डी. विल्यम्स यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली एका मुलाची नोंद सांगितली. मूल एकवीस महिन्यांचं, तेही आधी दीर्घ आजारातून उठलेलं. झोपवताना कोणी खोलीबाहेर पडलं की आकांत करायचं. डॉक्टरांकडून तब्येतीची खात्री करून घेतल्यावर, त्याला प्रेमाने निजवून बाहेर पडायचं आणि परत आत जायचं नाही, असं ठरलं. पहिल्या वेळी ते ४५ मिनिटं रडलं. दहाव्या वेळेपर्यंत रडणं संपलं होतं, मूल हसत होतं. साधारण आठवड्याने ते पुन्हा रडलं आणि त्याला निजवणारी घरातली बाई आत परतली. तेवढ्यावर सगळं मूळ पदावर आलं. दुसऱ्यांदा तोच क्रम करावा लागला, त्यानंतर पुढची दोन वर्षं ते रडणं परत आलं नाही.

मुलाला खोलीत एकटं रडू द्या, असं मी कोणाला सांगत नाही. नकार मोबाईलला द्यायचा, मुलाला नाही. या घरातही आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घेतलं. मग ठरलं ते असं: जेवताना कोणाचाच फोन जवळ नको, वडिलांचाही. त्याने आपटलं तर डोक्याखाली हात धरायचा, शेजारी बसायचं, पण बोलणं-समजावणं कमी. एक घास स्वतः घेतला की लगेच कौतुक. घास कोंबायचा नाही. आणि आजींना मी कामच दिलं, जेवताना गोष्ट सांगायचं. त्यांच्या हातून फोन काढून घ्यायचा तर त्या हाताला दुसरं काहीतरी द्यायलाच हवं होतं. एकट्या आईने नियम पाळून हे होत नाही, घराने मिळून पाळावा लागतो.

पहिले दिवस कठीण गेले, मग रडणं उतरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या आत्याने लाडाने आपला फोन भाच्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशी फरशीवरचं लोळणं परत आलं. घर खचलं नाही, कारण असं होऊ शकतं हे त्यांना आधीच माहीत होतं. आत्याही गोष्टीत सामील झाली. या खेपेला रडणं लवकर निवळलं.

मधल्या काळात आजींनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "याच्या मनात आमच्याबद्दल अढी तर बसणार नाही ना?" विल्यम्स यांनी त्या मुलाला पुढे पावणेचार वर्षांचा असताना पाहिलं होतं. तो मोकळा, मिसळणारा, मनातलं बोलणारा मुलगा होता. आजींना मी तेच सांगितलं.