ओंटारिओला येताय, शिक्षिका म्हणून आणि आई म्हणूनही

ताई, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला, उत्तर लिहायला आज बसले. नाशिकला अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात दिव्यांग मुलांवरची सत्रं तुम्ही घेता. विशेष शिक्षणाची पदविका आहे, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे, मिस्टरांना कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात टोरोंटोजवळ नोकरी लागली आहे. हे शिक्षण तिथे चालेल का आणि अशा मुलांना तिथे खरंच सगळ्यांबरोबर ठेवतात का, एकटेपणा जाणवतो का, असं तुम्ही विचारलंत. मग अगदी शेवटी एक ओळ लिहिलीत, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, अजून बोलत नाही. त्या ओळीने माझे दोन दिवस घेतले.

व्हिसा, फी, गुण हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते लिहीत नाही. एकच सांगते, कारण एजंट नेमकं उलटं सांगतात. वैद्यकीय तपासणीत मुलाबद्दल काहीही लपवू नका. येणाऱ्या माणसावर सरकारचा किती खर्च होईल, याचा हिशोब त्या तपासणीवरून करतात, पण विशेष शिक्षणाचा खर्च 2018 पासून कॅनडा त्या हिशोबात धरतच नाही.

तुमचा आरसीआयचा क्रमांक इथे नोंदणी म्हणून चालत नाही. स्वतःला अर्ली चाइल्डहुड एज्युकेटर, म्हणजे लहान मुलांची शिक्षिका, म्हणवून घ्यायलासुद्धा इथल्या कॉलेज ऑफ अर्ली चाइल्डहुड एज्युकेटर्सची नोंदणी लागते, 2007 चा तसा कायदाच आहे. नाव कॉलेज असलं तरी ही संस्था शिकवत नाही, नोंदणी करते. माझं घोडं अडलं ते नावावर. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, एका गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. वर विद्यापीठाने स्वतः बंद लिफाफ्यात ट्रान्सक्रिप्ट पाठवायचं. माझा भाऊ साताऱ्याहून पाच खेपा घालून आला. एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का नीट उठला नाही म्हणून परत. लिफाफा इथे पोचेपर्यंत एक अख्खा हिवाळा गेला आणि दुसरा सुरू झाला. शेवटी दोन वर्षांची पदविका मी इथेच केली. त्या वाया गेलेल्या वर्षाचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही लग्नाचा दाखला, नावबदलाचं गॅझेट, प्रतिज्ञापत्र सगळं इंग्रजीत तयार करून, दोन-दोन प्रतींत आणा.

इथलं शिक्षण चांगलं आहे, हे मनापासून सांगते. मी साताऱ्याला चार वर्षं बालवाडीत शिकवलं. मुलाला काय येत नाही याची यादी करायची, हीच आमची सवय होती. इथे आधी वर्गाची खोली बघायला शिकवतात, तिथे मुलाला काय अडतंय ते. प्लेसमेंटमधली, म्हणजे पदविकेतल्या प्रत्यक्ष कामाच्या दिवसांतली, एक सकाळ सांगते. जानेवारी, बाहेर उणे बारा. सोळा मुलं, आम्ही मोठी तीन. बाहेर खेळायला जायचं तर आधी स्नोपँट, मग बूट, जॅकेट, टोपी, शेवटी हातमोजे. एक चार वर्षांचा मुलगा चेनचा आवाज ऐकला की कानांवर हात ठेवून जमिनीवर आडवा व्हायचा. माझ्या मार्गदर्शक बाई त्याला इतरांच्या दहा मिनिटं आधी घेऊन आल्या, गर्दी व्हायच्या आत. खुंटीखाली, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, वेलक्रोने पाच चित्रं चिकटवली होती. एक कपडा चढला की ते चित्र काढून खालच्या पाकिटात टाकायचं. बाई फरशीवर बसल्या, पहिल्या चित्रावर बोट ठेवलं आणि थांबल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मी मनात आकडे मोजत होते. अकरावर असताना त्याने पाय उचलला. चेन लावताना बाईंनी त्याचाच हात चेनवर ठेवला, म्हणजे आवाज कधी येणार ते त्याच्या हातात राहिलं. तो सगळ्यांबरोबर दाराबाहेर पडला. पुढच्या आठवड्यात आणखी दोन मुलं ती चित्रं वापरायला लागली, आणि त्यांना कसलंही निदान नव्हतं.

तुमच्याकडे नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आला, त्यावर तुम्ही सत्रं घेताच. पण सेविकांना भाषणाऐवजी असा एक प्रसंग करून दाखवायला मिळाला, तर फार उपयोग होईल असं मला वाटतं. सध्या तुमच्या हातात आहे तोवर करून बघा.

पदविकेच्या दुसऱ्या सहामाहीत वर्गावरच्या बाईंनी शिकवलं की दिव्यांग मुलाचीसुद्धा घरची भाषा तोडायची नाही, दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. मी वर्गातून उठून बाहेर गेले. माझ्या मुलाला ऑटिझम आहे. 2015 साली तो चार वर्षांचा होता, आणि त्याच्या डे-केअरने सांगितलं होतं की घरी फक्त इंग्रजी बोला. आम्ही ऐकलं. तीन वर्षं मी माझ्या मुलाशी मराठीत बोलले नाही. आता तो माझ्याएवढा उंच झालाय. फोनवर 'हॅलो आजी' म्हणतो आणि फोन माझ्या हातात देतो. तुम्ही तसं करू नका, कोणीही सांगितलं तरी.

त्याच डे-केअरमधून रोज साडेअकराला फोन यायचा. 'आज त्याला घेऊन जा. अर्धा दिवसच त्याच्यासाठी बरा.' बोलणं फार गोड असायचं. मी नोकरी सोडली. अशा प्रत्येक मुलासाठी पालकांशी बोलून वेगळा आराखडा लिहावा लागतो, हे मला पुढे पदविका करताना कळलं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पहिले दोन हिवाळे जड जातात. मग मंडळ, गणपती, भिशी सापडते. त्यावर फार विचार करू नका.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते लिहिते. 2022 मध्ये मी नोंदणी झालेली शिक्षिका होते. अडीच वर्षांपुढच्या गटात आठ मुलांमागे एक मोठं माणूस असा इथला नियम आहे. नियमाने आम्ही दोघी पुरेशा होतो. पण एक मुलगा दार दिसलं की धावायचा, आणि एकीने त्याच्यामागे जायचं म्हणजे दुसरीकडे पंधरा मुलं. जादा मदतनीस मागितली होती, ती आलीच नाही. तीन आठवडे मी रात्री झोपेत दार बंद करत होते. एके दिवशी त्याची आई साडेपाचला घ्यायला आली, आणि मी तिला म्हणाले, अर्धा दिवसच त्याच्यासाठी बरा. अगदी तेच शब्द, तसाच गोड आवाज. तिने काही विचारलं नाही. त्याचं जॅकेट घडी करून पिशवीत भरत राहिली, बाहेर बर्फ पडत असताना. दुसऱ्या दिवसापासून ती बाराला यायला लागली. सप्टेंबरमध्ये तो शाळेत गेला. तिचा नंबर माझ्याकडे होता, मी फोन केला नाही.

सगळ्यांबरोबर ठेवतात का, याचं माझं उत्तर हे आहे. कसं ठेवायचं ते शिकवतात, नीट शिकवतात. माणसं कमी पडली की त्याच शिकलेल्या बायका असं बोलतात, मीही बोलले. तुम्हाला कोणी अर्ध्या दिवसाचं सुचवलं, तर त्या क्षणी हो म्हणू नका. आराखडा दाखवा म्हणा. जादा मदतनीस कधी मागितली, काय उत्तर आलं, ते लेखी मागा. मला असं कोणी विचारलं असतं तर मला वरिष्ठांकडे ते घेऊन जाता आलं असतं.

मुलाच्या कानांची तपासणी तिथेच करून घ्या, अहवाल इंग्रजीत घ्या. स्पीच थेरपीच्या सरकारी कार्यक्रमासाठी इथे डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आईबापांनी फोन केला तरी चालतो. इथला पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात करा. ऑटिझमचं निदान झालं तर ओंटारिओ ऑटिझम प्रोग्रामलाही लगेच नाव घाला, ती रांग काही वर्षांची आहे.

आणि त्याचे सगळे अहवाल हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको. आमची ती बॅग चार दिवसांनी आली होती.