बिलांवरचे २,६०० नंबर आणि एक एजंट: बडोद्यातल्या दुकानदाराला माझं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मांजलपूरला तुमचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, चार वर्षांच्या बिलांवरून २,६०० मोबाइल नंबर जमले आहेत, एक एजंट त्या सगळ्यांना एका दिवसात एसएमएस पाठवून द्यायला तयार आहे, आणि लोकांनी वैतागून दुकानाचं नाव टाकू नये म्हणून काय करावं, हे तुम्हाला हवंय.

आधी उत्तर सांगते. एजंटाला नाही म्हणा आणि त्या २,६०० नंबरांना काहीच पाठवू नका. एसएमएस मात्र जरूर करा. आमच्या दुकानाला त्याचा चांगला उपयोग होतो. फक्त यादी नव्याने करायची.

आमचं दांडिया बाजारात घरगुती पदार्थांचं दुकान आहे. सासूबाईंनी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरींपासून सुरुवात केली, आता मी आणि माझ्या जाऊबाई बघतो. मोदक, दिवाळीचा फराळ, श्रीखंड, आणि सांगितलं तर श्राद्धाचा स्वयंपाकही. २०१९ मध्ये आमच्याकडेही असाच एक एजंट आला. आमच्या बिलांच्या फाइलमध्ये नंबर होते आणि कोणी काय मागवलं तेही होतं. तो म्हणाला, प्रत्येकाला त्याच्या मागच्या ऑर्डरीचं नाव घालून संदेश पाठवू, लोकांना आपलेपणा वाटतो. आम्हाला पटलं. एका सकाळी सुमारे १,८०० संदेश गेले.

चार दिवसांनी रावपुऱ्यातल्या एक काकू दुकानात आल्या. सासूबाईंच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. संदेश असा होता: तुमच्या आवडीचे खीर, वडे, आमसुलाची चटणी पुन्हा मागवा, १० टक्के सूट. खीर, वडे आणि आमसुलाची चटणी एकत्र कधी करतात ते मराठी घरात कोणाला सांगावं लागत नाही. ती त्यांच्या यजमानांच्या वर्षश्राद्धाची ऑर्डर होती. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नंबर मी त्या दिवसापुरता दिला होता गं."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. गिऱ्हाईक नंबर देतं तो कशासाठी तरी देतं. बिलासाठी, डिलिव्हरीच्या पोराला पत्ता सापडावा म्हणून, माप बदलून घ्यायचं म्हणून. ते काम झालं की त्या नंबरावरचा आपला हक्क संपला. पुढे दुसऱ्या कामासाठी वापरायचा तर पुन्हा विचारायला हवं. तुमचे २,६०० नंबर बिलासाठी दिलेले आहेत, सेलची बातमी कळावी म्हणून नाहीत. शिवाय ते चार वर्षांपूर्वीपासूनचे आहेत. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे त्या यादीत असे लोक असणार ज्यांनी तुमच्या दुकानाची पायरीही चढलेली नाही.

आता नियमांचं. एजंट याबद्दल अर्धंच बोलतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धंद्याचा एसएमएस स्वतःच्या सिमवरून, कुठलंसं ॲप घालून पाठवायचा नाही. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक. त्यांच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे धंद्याचे संदेश पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या वेबसाइटवर, दुकानाची नोंदणी करायची. पॅन, जीएसटीचं प्रमाणपत्र, सहीचं पत्र अशी कागदपत्रं लागतात आणि एका कंपनीकडे नोंदणी केली की पुरते. आम्हाला जीएसटी धरून सहा हजारांच्या आत खर्च आला. मग हेडर मिळतो, म्हणजे संदेश कोणाकडून आला ते दाखवणारं नाव किंवा आकडा. त्यानंतर संदेशाचा प्रत्येक मजकूर टेम्प्लेट म्हणून मंजूर करून घ्यायचा. नाव, तारीख, रक्कम यांच्यापुरत्या मोकळ्या जागा सोडता येतात. मंजूर मजकुराशी न जुळणारा संदेश वाटेतच अडतो. मार्च २०२१ मध्ये ही तपासणी पहिल्यांदा कडक झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली होती. संदेशात लिंक घालायची असेल तर तीही आधी नोंदवलेली हवी. ऑक्टोबर २०२४ पासून न नोंदवलेल्या लिंकचे संदेश जात नाहीत.

सिमवरून पाठवलं तर काय होतं, तेही समजून घ्या. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते. पहिल्या वेळी त्या नंबरावरून बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद, पुन्हा केलं तर कनेक्शन वर्षभरासाठी जातं, आणि तेही सगळ्या कंपन्यांकडे. २,६०० अनोळखी-अर्धओळखी माणसांत तक्रार करणारे पाच जण मिळणार नाहीत असं कसं धरायचं? ज्यांनी १९०९ वर 'स्टार्ट ०' पाठवून सगळे जाहिरातीचे संदेश बंद केलेत, त्यांच्याकडे नोंदणी करून पाठवलेला जाहिरातीचा संदेशही त्यांच्या संमतीशिवाय पोचत नाही. मला हा नियम आवडतो. माणसाने दार लावून घेतलंय, तर आपण कशाला ठोठवायचं?

त्याच दुरुस्तीनंतर हेडरच्या शेवटी एक अक्षर दिसतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. यातल्या 'एस'वर तुम्ही सगळ्यात जास्त लक्ष द्या. "तुमचा फ्रॉक फिटिंग होऊन तयार आहे, रात्री ८ पर्यंत घेऊन जा," हा सेवेचा संदेश. गिऱ्हाईकाने स्वतः काम सांगितलंय, ते झाल्याची खबर तुम्ही देताय. तो जाहिराती बंद केलेल्या नंबरालाही जातो आणि त्याची माणूस वाट बघत असतो. आमच्याकडे "ऑर्डर तयार आहे" हा संदेश सुरू केल्यावर संध्याकाळचे "झालं का?" विचारणारे फोन खूप कमी झाले, आणि दुकानातल्या मुलींचा जीव भांड्यात पडला. पण याच संदेशाच्या शेपटाला "सोबत २० टक्के सूट" चिकटवायचा मोह होतो. तसं करू नका. नियमात बसत नाही हा एक भाग; दुसरा असा की मग लोक तुमचा कामाचा संदेशही उघडत नाहीत.

आता नवी यादी. आम्ही गल्ल्याशेजारी एक वही ठेवली. तीन रकाने: गणपती-मोदक, दिवाळी-फराळ, होळी-पाडवा. बिल देताना विचारायचं, "यातलं कशाचं कळवू का?" माणूस हो म्हणाला तर स्वतःच्या हाताने त्या रकान्यात नंबर लिहितो, तारीख घालतो. नाही म्हणाला तर विषय संपला. नंबर दिला नाही तरी बिल मिळतंच. ग्राहक व्यवहार विभागानेही २०२३ मध्ये दुकानांना सांगितलंय की मोबाइल नंबरासाठी अडून बसू नका. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा रकाना आम्ही ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही. पहिल्या वर्षी १,८०० च्या जागी चारशेच्या आसपास नावं झाली. जाऊबाईंना ते फार कमी वाटलं. पण त्या चारशेतले लोक संदेश दाखवत दुकानात येतात, हे त्यांनीच पुढे पाहिलं.

तुमच्याकडे रकाने वेगळे होतील. नवरात्राची चनिया-चोळी, जूनमध्ये शाळा उघडताना लागणारे कपडे, दिवाळी. मुलांच्या दुकानात एक गोष्ट फार उपयोगाची आहे, ती म्हणजे माप. दोन वर्षांपूर्वी ज्या घराने २२ नंबरचा फ्रॉक नेला, त्यांना आज त्याच मापाच्या मालाची खबर देऊन काय उपयोग? पोरगी मोठी झाली. वहीत माप आणि महिना लिहून ठेवा, पुढच्या हंगामात त्यावरून कोणाला काय कळवायचं ते ठरेल. मात्र मुलाचं नाव आणि जन्मतारीख घेऊन वाढदिवसाचे संदेश पाठवायचं एजंटाने सुचवलं असेल तर माझा सरळ विरोध आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं म्हटलंय. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, एखाद्या दुकानाच्या फाइलमध्ये माझ्या नातवंडाची जन्मतारीख पडून आहे, हे मला चालणार नाही. माप पुरे आहे. त्याच कायद्यात आणखी एक चांगली गोष्ट आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती परत घेणंही सोपं हवं.

ते परत घेणं कसं ठेवायचं, इथे आम्ही एकदा चुकलो. "नको असल्यास स्टॉप लिहून पाठवा" असं लिहिलं होतं. पण आपल्याकडे हेडरवरून आलेल्या संदेशाला उत्तर देता येत नाही. लोक लिहीत राहिले आणि ते कुठेच पोचलं नाही. आता आम्ही एक वेगळा नंबर ठेवलाय, त्यावर मिस्ड कॉल दिला की त्याच संध्याकाळी वहीत नावावर रेघ. जाहिरातीच्या संदेशात बाहेर पडायची सोय आता सक्तीचीच आहे, आणि बाहेर पडलेल्याला ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही.

भाषेबद्दल थोडं. बडोद्यात हा प्रश्न येतोच, कारण निम्मं गिऱ्हाईक गुजराती, काही मराठी, काही बाहेरून नोकरीला आलेलं हिंदी बोलणारं. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० खुणा बसतात, अक्षरं, आकडे, मोकळ्या जागा सगळं धरून. देवनागरी किंवा गुजराती अक्षर एक जरी आलं तरी ती मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची प्रत्येकी वेगळी खूण धरतात. 'पुरणपोळी' हा पाच अक्षरांचा शब्द आठ खुणा खातो. "मोदकांची ऑर्डर शनिवारी रात्री ८ पर्यंत." एवढ्यात ३९ गेल्या. दुकानाचं नाव आणि मिस्ड कॉलचा नंबर घातला की ७० ची हद्द ओलांडते, मग प्रत्येक तुकड्यात ६७ खुणा धरून दोन संदेशांचे पैसे लागतात. आम्ही ते देतो. रोमनमध्ये लिहिलेली मराठी स्वस्त पडते, पण आमच्या वयस्कर गिऱ्हाइकांना ती वाचताना अडखळायला होतं. गुजराती मजकूर शेजारच्या दुकानातल्या बेनकडून वाचून घेतो, कारण आमच्या गुजरातीत मराठी वळण येतं. प्रत्येक भाषेचं टेम्प्लेट वेगळं मंजूर करावं लागतं, हे लक्षात ठेवा.

मजकुरात एकच गोष्ट सांगा: काय आहे आणि कधीपर्यंत. "आनंदाची बातमी", "शेवटची संधी" वगैरे नको. खरोखर शेवटचा दिवस असेल तर तारीख लिहा. वर्षाला प्रत्येक रकान्याला एक संदेश, फार तर दोन. वेळ सकाळी अकराच्या सुमाराची बरी. जाहिरातीचे संदेश तसेही रात्री नऊनंतर आणि सकाळी दहाच्या आधी जात नाहीत, आणि नवरात्रात संध्याकाळी सगळं बडोदं गरब्याच्या तयारीत असतं, तेव्हा कोणी फोन वाचत नाही.

व्हॉट्सॲपचं विचारलं नाहीत, तरी एक सांगते. एकच संदेश अनेकांना एकदम पाठवायच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ते पोचतं. फ्रॉकचे फोटो दाखवायला ते छान आहे, पण तिथेही विचारूनच.

जुन्या २,६०० चं काय? फाइल तशीच बिलांसाठी राहू द्या. त्यातली जी माणसं दुकानात येतील त्यांना गल्ल्यावर विचारा. जी येणार नाहीत त्यांना सोडून द्या.

यंदाच्या नवरात्रात चनिया-चोळीचा पहिला संदेश जावा असं वाटत असेल तर नोंदणी श्रावणात सुरू करा. कागदपत्रांत दुकानाचं नाव पॅनवर एक आणि जीएसटीवर दुसरं असलं की अर्ज परत येतो. आमचा तसाच एकदा आला होता. टेम्प्लेट कधी दोन दिवसांत मंजूर होतं, कधी आठवडा लागतो, म्हणून गुजराती, मराठी आणि हिंदी तिन्ही एकदमच टाका. आणि वही मात्र आजच गल्ल्यावर ठेवा, तिला कोणाची मंजुरी लागत नाही.