स्पॅनिश भाषकांना ‘रिझेंट’ कसं शिकवावं?

प्रश्न असा आहे: मेक्सिकोतल्या प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना ‘रिझेंट’ हे क्रियापद आलं. स्पॅनिशमध्ये तसाच शब्द असूनही ते ‘आय रिझेंट टु वर्क ऑन संडेज’ असं लिहितात. हे का होतं?

शब्द ओळखीचा वाटतो, तिथेच घोळ सुरू होतो. ‘रिझेंट’ आणि स्पॅनिश ‘रेसेंतीर’ या दोन्हींचं मूळ लॅटिन ‘सेंतीरे’, म्हणजे जाणवणं. आजच्या इंग्रजीत उरलाय तो अन्याय झाल्यासारखं वाटून मनात धरलेला राग. आपल्याकडचं ‘डाचणं’ त्याच्या बरंच जवळ जातं. मेक्सिकोत मात्र ‘ला हेन्ते रेसिएन्ते एल आल्सा दे प्रेसिओस’ म्हणजे लोकांना भाववाढीची झळ बसते आहे. याचं शब्दशः इंग्रजी केलं तर वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थ होतो ‘लोकांच्या मनात भाववाढीबद्दल चीड आहे’. अशी चूक तपासताना सहज निसटते. झळ सांगायची असेल तर ‘फील द इफेक्ट्स ऑफ’ वापरायला सांगा.

आता तुमचं वाक्य. विद्यार्थ्याच्या डोक्यात असतं ‘मे मोलेस्ता त्राबाहार लोस दोमिंगोस’, म्हणजे ‘रविवारी काम करणं मला खटकतं’. त्यातलं ‘त्राबाहार’ हे मूळ रूप तो ‘टु वर्क’ करून आणतो. ‘रिझेंट’नंतर मात्र नाम किंवा ‘-इंग’ रूपच हवं: ‘आय रिझेंट वर्किंग ऑन संडेज’. सक्ती दाखवायची असेल तर ‘हॅविंग टु वर्क’ अधिक नेमकं. शिवाय ‘मे मोलेस्ता’ची रचना आपल्या ‘मला खटकतं’सारखी आहे, खटकणारी गोष्ट कर्ता आणि माणूस ‘मला’मध्ये. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो. मराठी शिक्षकाला हा फरक आतून कळतो, त्याचा वर्गात जरूर उपयोग करा.

‘मे रेसिएन्तो’ या ‘रेसेंतीर’च्या ‘मी’साठीच्या रूपातला ‘मे’ (स्वतःला) हाही इंग्रजीत आणू नये. ‘आय रिझेंट मायसेल्फ’ म्हणजे स्वतःवरच राग धरणं. क्रियापदाला शब्दयोगीही लागत नाही, ‘रिझेंट ऑफ’ चूकच. पण विशेषणाला लागतो: ‘रिझेंटफुल ऑफ हिज सक्सेस’. दोन्ही एकाच तासात शिकवली की ‘ऑफ’ हमखास क्रियापदाला चिकटतो. म्हणून आधी क्रियापद पक्कं करा, विशेषण पुढच्या आठवड्यात.

उच्चाराला वेळ द्यायलाच हवा. स्पॅनिशमध्ये ‘झ’ हा स्वतंत्र वर्ण नाही, त्यामुळे तोंडून ‘रिसेंट’ निघतं आणि ऐकणाऱ्याला ‘पुन्हा पाठवलं’ किंवा ‘अलीकडचं’ असं काहीतरी ऐकू येतं. पण ‘मिस्मो’ (तोच) हा स्पॅनिश शब्द म्हणताना ‘म’च्या आधीचा ‘स’ बहुतेक स्पॅनिश भाषक नकळत घोष उच्चारतात, म्हणजे गळा थरथरतो. गळ्यावर दोन बोटं ठेवून ‘मिस्मो’ सावकाश म्हणायला लावा, थरथर जाणवली की तोच ध्वनी लांबवून धरायला सांगा, आणि मग त्याला ‘-एंट’ जोडा. आघात शब्दाच्या दुसऱ्या भागावर, ‘झेंट’वर.