'स्तन प्रत्यारोपण', 'पुनर्निर्माण' की 'पुनर्रचना'? ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शनला मराठीत काय म्हणायचं

प्रश्न असा आहे: ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटसाठी मराठीत माहितीपत्रक तयार होतंय. त्यात 'ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शन'साठी, म्हणजे कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर तिथे परत आकार आणणाऱ्या सर्जरीसाठी, एकाने 'स्तन प्रत्यारोपण' लिहिलंय, दुसऱ्याने 'स्तन पुनर्निर्माण', तिसऱ्याने 'पुनर्रचना' आणि एकाने सरळ 'कॉस्मेटिक सर्जरी'. यातलं बरोबर कोणतं?

उत्तर आधी देते. 'पुनर्रचना' ठेवा, 'प्रत्यारोपण' काढा, आणि कॅन्सरनंतरच्या सर्जरीला 'कॉस्मेटिक' हा शब्द त्या पत्रकात कुठेही लावू नका, कारण त्यात भाषेपेक्षा पैशाचा प्रश्न मोठा आहे, खाली सांगते.

प्रत्यारोपण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किडनी येते, लिव्हर येतं, म्हणजे एकाच्या शरीरातून काढून दुसऱ्याला बसवायचं, डोनर, मॅचिंग, आयुष्यभराच्या गोळ्या. ब्रेस्टच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. गोंधळ झालाय तो इम्प्लांट आणि ट्रान्सप्लांट या दोन्हींना मराठीत तोच शब्द चिकटवल्यामुळे, दातांच्या दवाखान्यांच्या बोर्डवर 'दंत प्रत्यारोपण' असतं ते याच वाटेने आलंय. पण दाताच्या बाबतीत कोणी घाबरत नाही, इथे मात्र नुकताच रिपोर्ट हातात पडलेली बाई वाचणारे, तिला 'डोनर कोण' असा प्रश्न पडणं साहजिक आहे. इम्प्लांटला 'इम्प्लांट'च म्हणा, फारतर एकदा 'सिलिकॉनची पिशवी' असं समजावून सांगा, पुढे नुसतं इम्प्लांट. १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो या दोन सर्जननी पहिल्यांदा सिलिकॉन जेलचं इम्प्लांट बसवलं, म्हणजे हा शब्द आणि ही वस्तू दोन्ही साठ वर्षांपेक्षा जुन्या आहेत, आपल्याकडे पेशंट आणि नर्स दोघी हाच शब्द बोलतात.

आणि रिकन्स्ट्रक्शन म्हणजे फक्त इम्प्लांट असंही नाही, हे पत्रकात स्पष्ट यायला हवं. दुसरा मोठा मार्ग म्हणजे स्वतःच्याच शरीराचा भाग वापरणं, बहुतेक वेळा ओटीपोटाची कातडी आणि चरबी. १९८२ मध्ये हार्टरॅम्प्फ या अमेरिकन सर्जनने पोटाचा सरळ स्नायू सोबत घेऊन हे करायची पद्धत मांडली, तिला ट्रॅम फ्लॅप म्हणतात (फ्लॅप म्हणजे रक्तपुरवठ्यासकट हलवून दुसरीकडे लावलेला कातडी-चरबीचा तुकडा). त्यात पोटाची भिंत कमजोर व्हायची, फुगवटा यायचा, कधी हर्निया. मग १९९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला अ‍ॅलन यांनी स्नायू जागच्या जागी ठेवून फक्त त्याच्यातून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सोडवून घेतल्या आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडल्या, हा डीप फ्लॅप. इथे एक सावधगिरी, हे 'डीप' म्हणजे 'खोल' नाही, चार शब्दांच्या आद्याक्षरांचं नाव आहे (त्यातला पहिला शब्द योगायोगाने डीप हाच), त्यामुळे 'खोल फ्लॅप' असं भाषांतर नको. फ्लॅपला मी मराठी शब्द शोधत बसणार नाही पण त्याची जी रक्त पुरवणारी बाजू, सर्जन जिला पेडिकल म्हणतात, तिला 'देठ' हा शब्द चपखल बसतो, देठ शाबूत ठेवून कातडी फिरवली की देठासकट फ्लॅप, देठ कापून नव्या जागी जोडला की मुक्त फ्लॅप. गावातली बाईसुद्धा एका वाक्यात समजेल.

अजून एक बारीक पण महत्त्वाचं. सध्या सर्जन लोकांत जोरात वाद चालू आहे की इम्प्लांट छातीच्या मोठ्या स्नायूच्या मागे ठेवायचं की पुढे. आधी स्नायूच्या मागे ठेवायची पद्धत रूढ होती, पण त्यात हात हलवला, जोर लावला की स्तनही ओढला जातो, वेडावाकडा दिसतो, दुखतं. म्हणून आता बरेच जण स्नायूच्या पुढे ठेवतात, पण मग वरचं आवरण पातळ राहिलं तर कडा आणि सुरकुत्या दिसतात, आणि इम्प्लांटला आधार म्हणून जाळी किंवा प्रक्रिया केलेल्या कातडीचा थर घालतात, त्या थरांच्या सुरक्षिततेबद्दलही अमेरिकेच्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २०२१ मध्ये सावध केलंय कारण त्यातल्या काही प्रकारांत कॉम्प्लिकेशन जास्त दिसले. आता मराठीत 'स्नायूच्या वर' आणि 'स्नायूच्या खाली' लिहिलंत तर वाचणारीला वाटेल गळ्याकडे वर आणि पोटाकडे खाली! आपल्या 'वर'चे दोन अर्थ आहेत. म्हणून 'स्नायूच्या पुढे, कातडीखाली' आणि 'स्नायूच्या मागे, फासळ्यांपुढे' असं लिहा.

आता पुनर्निर्माण विरुद्ध पुनर्रचना. व्याकरणाने दोन्ही चालतात, हिंदीत पुनर्निर्माण जास्त चालतो आणि तिकडूनच आपल्याकडे येतोय असं मला वाटतं. पण माझा आक्षेप वेगळाय. 'निर्माण' म्हटलं की होतं तसंच परत उभं राहणार असं ऐकू येतं, आणि तसं होत नाही हे बायकांना आधी सांगायला पाहिजे. आकार येतो, ब्रा भरते, ब्लाउज नीट बसतो, हे खरंच मोठं आहे आणि मी ते अजिबात कमी लेखत नाही. पण स्पर्शाची जाणीव बहुतेक वेळा पूर्वीसारखी येत नाही, म्हणून तर आता फ्लॅपमधली नस छातीतल्या नसेला जोडून संवेदना किती परत येते यावर संशोधन चालू आहे, आणि दूध तर येतच नाही. रचना हा शब्द आकाराबद्दल बोलतो, जितकं देता येतं तितकंच कबूल करतो. अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांमधल्या बायकांचा दोन वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात साधारण तिघींपैकी एकीला दोन वर्षांत काही ना काही कॉम्प्लिकेशन झालं होतं. त्याच बायकांच्या पाहणीत असंही दिसलं की स्वतःच्या टिश्यूने (म्हणजे कातडी-चरबीने) रिकन्स्ट्रक्शन केलेल्या बायका दोन वर्षांनी आपल्या छातीबद्दल इम्प्लांटवाल्यांपेक्षा जास्त समाधानी होत्या, पण त्या मार्गात कॉम्प्लिकेशनही जास्त. समाधान मोजायला ब्रेस्ट-क्यू नावाची प्रश्नावली वापरतात, २००९ पासून, त्यात डॉक्टरला काय दिसतं ते नाही, बाईला स्वतःला आरशात, कपड्यांत, जोडीदारासोबत कसं वाटतं ते विचारलेलं असतं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण त्याआधी 'रिझल्ट चांगला' हे फोटो बघून सर्जनच ठरवायचे.

'प्लास्टिक'बद्दलही विचारणं झालंय की पेशंटला वाटतं आत प्लास्टिक घालणार. यातलं प्लास्टिक म्हणजे बादलीचं प्लास्टिक नाही, ग्रीकमधल्या 'घडवणं, आकार देणं' या अर्थाच्या शब्दावरून आलंय, आणि जर्मनीत त्साइस यांनी १८३८ मध्ये प्लास्टिक सर्जरीवर पुस्तक लिहिलं तेव्हा बेकेलाइट हे पहिलं कृत्रिम प्लास्टिक यायला अजून सत्तर वर्षं होती. परिभाषेत 'सुघटन शल्यचिकित्सा' असा शब्द आहे, चांगला आहे, पण ओपीडीच्या पाटीवर कोणी वाचत नाही. आपल्याकडे याहून जुना शब्द आहे तो सुश्रुताचा 'संधान', तुटलेलं नाक, कान, ओठ परत जोडून आकाराला आणणं. ती विद्या पुस्तकात अडकून राहिली नव्हती हेही सांगायला हवं. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी नावाचा बैलगाडीवाला (नाव पारशी वाटतं, पण त्या मजकुरात त्याला मराठा म्हटलंय), त्याचं नाक पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका माणसाने कपाळाची कातडी देठासकट खाली फिरवून बनवलं, त्याची हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला छापून आली आणि ती वाचून इंग्लंडच्या सर्जननी ही पद्धत उचलली. त्या माणसाचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तर 'संधान' शब्द पत्रकात घाला असं मी म्हणणार नाही, आज आपण अनुसंधान आणि शरसंधान एवढंच ओळखतो, पण प्रस्तावनेत एक ओळ जरूर लिहा, 'ही चैनीची गोष्ट नाही, दोन हजार वर्षांपासून शल्यविद्येचा भाग आहे'.

आता कॉस्मेटिक. आपल्या देशात हेल्थ इन्शुरन्सच्या पॉलिसीत काय वगळायचं याची ठरलेली वाक्यं आहेत, विमा नियामक आयआरडीएआयने घालून दिलेली. त्यातलं आठ नंबरचं वाक्य असं की कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी आणि रूप बदलण्यासाठीचे उपचार यांचा खर्च मिळणार नाही, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरचं रिकन्स्ट्रक्शन असेल तर हा नियम लागू नाही. वाचा परत. एकाच ऑपरेशनच्या कागदावर 'कॉस्मेटिक' लिहिलं तर क्लेम अडकतो आणि 'कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन' लिहिलं तर त्याच पॉलिसीत बसतं. घरच्यांनी फॉर्म भरताना चुकीचा शब्द लिहिला म्हणून एखादीचा क्लेम लटकला तर त्यात आपल्या पत्रकाचा वाटा नको. म्हणून पत्रकात मराठी शब्दाच्या शेजारी 'ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शन' हे देवनागरीत दरवेळी द्या, तिच्या फाइलवर तेच असणार आहे.

रेषा नेहमी इतकी सरळ नसते हे मान्य. एका बाजूचं ऑपरेशन झालं आणि दुसरी बाजू मोठी किंवा ओघळलेली असेल तर ती मिळतीजुळती करायला दुसऱ्या निरोगी बाजूवर सर्जरी करावी लागते, मग ती कशात मोजायची? अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने हा प्रश्न सोडवलाय, मास्टेक्टॉमीचा (स्तन काढण्याच्या ऑपरेशनचा) खर्च देणाऱ्या विम्याला दुसऱ्या बाजूचा सारखेपणासाठीचा खर्चही द्यावा लागतो, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे, कारण ती बाई सुंदर दिसायला नाही तर खांदा आणि पाठ सरळ ठेवून चालता यावं म्हणूनही तिथे आलेली असते. पत्रकात याला 'दुसरी बाजू जुळवणं' म्हणा, सौंदर्य शब्द नको. आणि कॅन्सर नसताना फक्त आपल्या इच्छेने कोणी साइज वाढवून किंवा कमी करून घेत असेल तर त्या सर्जरीला 'सौंदर्य शस्त्रक्रिया' म्हणायला काहीच हरकत नाही, त्यात लाज नाही.

इम्प्लांटच्या धोक्यांबद्दल लिहिताना दोन शब्द जपून. पहिला, 'इम्प्लांटमुळे ब्रेस्ट कॅन्सर' असं बातम्यांत येतं ते चूक आहे. जो दुर्मिळ कॅन्सर सापडलाय तो बहुतांशी लिम्फोमा आहे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा, इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं त्यात होणारा, आणि तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडला गेलाय. २०१९ मध्ये फ्रान्सने अशा काही प्रकारांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी अ‍ॅलर्गन कंपनीने आपली खरखरीत बायोसेल इम्प्लांटं जगभरातून मागे घेतली. तर 'स्तनाचा कॅन्सर' नाही, 'इम्प्लांटभोवतीचा लिम्फोमा'. दुसरा शब्द ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस. थकवा, सांधे दुखणं, डोकं जड होऊन काही लक्षात न राहणं अशी लक्षणं हजारो बायका सांगतात, पण त्याची एकच एक टेस्ट नाही आणि डॉक्टरांमध्ये एकमत नाही. 'रोग' लिहिलं तर निदान झाल्यासारखं वाटतं, 'भ्रम' तर अजिबात नको, आपल्याकडे 'त्रास' हा शब्द इतका छान आहे की तो निदानाचा दावा करत नाही आणि बाईला खोटंही पाडत नाही. 'इम्प्लांटनंतरचा त्रास' लिहा. इम्प्लांट काढल्यावर अनेकींना बरं वाटतं, आणि सगळं आवरण अखंड काढायलाच हवं का या वादावर २०२२ मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात आवरण पूर्ण काढलं, थोडं काढलं किंवा काढलंच नाही तरी फरक साधारण सारखाच पडलेला दिसला.

शेवटी जो शब्द तुमच्या यादीत नाहीच त्याबद्दल. काही बायकांना काहीच बसवून घ्यायचं नसतं, पण मास्टेक्टॉमीनंतर काखेजवळ लोंबणारी कातडी, वळ्या, खळगे नको असतात, छाती नीट सपाट हवी असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने २०२० मध्ये आपल्या शब्दकोशात यासाठी 'एस्थेटिक फ्लॅट क्लोजर' हा शब्द घातला, बायकांनीच त्यासाठी पाठपुरावा केला होता, आणि व्याख्येत ही छातीला आकार देणारी सर्जरी म्हणूनच धरलीये. २०२१ च्या एका पाहणीत अशा ९३१ बायकांपैकी साधारण तीन चतुर्थांश समाधानी होत्या (त्या ऑनलाइन गटांतून घेतलेल्या होत्या, म्हणून हा आकडा सगळ्यांना लावू नका), पण दर पाचातल्या एकीहून जास्त जणींना सर्जनकडून जोरदार विरोध झाला होता. आपल्याकडे तर बहुतेक बायकांचं रिकन्स्ट्रक्शन होतच नाही, पण ते 'निवडलेलं सपाट' नसतं, पर्याय कोणी सांगितलाच नाही म्हणून राहिलेलं असतं, आणि हा फरक दाखवायला शब्द लागतो. मी 'नीट सपाट टाके' सुचवते, कारण 'सौंदर्यपूर्ण सपाट समापन' असलं काही छापलंत तर कोणीच वाचणार नाही. पत्रकात तीन पर्याय एकाखाली एक, सारख्याच अक्षरात द्या: इम्प्लांटने पुनर्रचना, स्वतःच्या टिश्यूने पुनर्रचना, नीट सपाट टाके. ब्रामध्ये घालायचं कापडी किंवा सिलिकॉनचं पॅड वेगळ्या ओळीत, ते ऑपरेशन नाही.

आणि 'छातीचा कॅन्सर' असं बोलण्यात सगळेच म्हणतात पण पत्रकात ते टाळा, कारण फुफ्फुसाच्या कॅन्सरलाही लोक तेच म्हणतात. 'अंगावर पाजणं' म्हणणाऱ्या आपल्या बायकांना 'स्तन' हा शब्द छापील वाटतो, तोंडाने उच्चारायला संकोच होतो, हे खरंय, म्हणून मथळ्यात 'स्तनाचा कॅन्सर' एकदा लिहा आणि आतल्या मजकुरात 'ब्रेस्ट' चालवा, नर्ससमोर तो शब्द त्या न अडखळता बोलतात.