प्रथिनं आकारानुसार वेगळी करायचं जेल लावण्याआधी एवढं ऐक

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं विष, अल्फा-टॉक्सिन हे प्रथिन, शोधायचंय ना? मग पेशी फोडत बसू नकोस. ते विष जिवाणू बाहेर, तो वाढतो त्या द्रवात (माध्यमात) सोडतो. सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून पेशी तळाला बसव, वरचं द्रव घे आणि लगेच बर्फात ठेव. नाशिकच्या एप्रिलात दुपारी वीज गेली, माझी नळी टेबलावरच राहिली. जिवाणूच्याच प्रोटिएझनी (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांनी) प्रथिनं खाल्ली, जेलवर पट्टीऐवजी नुसता फराटा.

अल्फा-टॉक्सिन ३३ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपास दिसतं. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीनं जेलमधलं प्रथिन ओळखायची चाचणी) त्याच्या बरीच वर ठसठशीत पट्टी आली तर नाचू नकोस. ते बहुधा प्रोटीन-ए, या जिवाणूचंच दुसरं प्रथिन; चाचणीतल्या सशाच्या अँटिबॉडीला ते शेपटीकडून चिकटतं. मी फसले होते, अख्ख्या लॅबला चिवडा वाटला!

पट्टी कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (प्रथिन नेमकं कोणतं ते ओळखायला) पुण्याला पाठवताना हातमोजे घाल, नाहीतर अहवालात तुझ्याच कातडीचं केराटिन हे प्रथिन येईल.