चित्रकला येत नसताना कलोपचार कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची असून नैराश्य आणि चिंतेसाठी तिच्यावर मनोविकारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत. आता त्यांनी गटातील कलोपचार सुचवला आहे. तिला चित्रे काढता येत नाहीत आणि चारचौघांत ती तोंडही उघडत नाही. तिथे जाऊन तिला काय मिळणार?

उत्तर : कलोपचार म्हणजे रंग, माती अशा साधनांतून मनातले व्यक्त करायला मदत करणारा उपचार; त्यामुळे चित्रकला न येणे ही इथे अडचणच नाही. उलट, हात चांगला असलेली मुलेच पुष्कळदा अडखळतात, कारण चित्र सुबक व्हावे हा त्यांचा हट्ट सुटत नाही.

राहिला अबोलपणाचा प्रश्न. अशा गटात साधारणपणे सहा ते आठ मुले असतात, आणि तास-दीड तासातला बराचसा वेळ प्रत्येक जण मान खाली घालून आपापले काम करत असतो; त्यामुळे सगळ्यांच्या नजरा आपल्यावर खिळल्या आहेत ही भीती बरीच ओसरते. ‘धडधड होते तेव्हा कसे वाटते ते मातीत करा’ असे सांगितल्यावर एखादी मुलगी नखांचे वळ उमटलेला घट्ट गोळा तेवढा पुढे ठेवते, आणि समोरचा मुलगा म्हणतो, ‘माझंही असंच होतं.’ हे वाक्य आपण मोठ्यांनी कितीही वेळा म्हटले तरी त्याला ते वजन येत नाही. पुढे ती बोललीच तर स्वतःविषयी नव्हे, त्या गोळ्याविषयी बोलते, आणि ते तिला सोपे जाते.

साधनांची निवडही विचारपूर्वक होते. पेन्सिल हुकमात राहते, जलरंग पसरतात. म्हणून सतत खोडरबर धरून बसणाऱ्या मुलाच्या हाती जाणता उपचारक पहिल्याच दिवशी जलरंग देत नाही. हे भान छंदवर्गात असतेच असे नाही, तेव्हा उपचारकाचे प्रशिक्षण आणि गटातील गोपनीयतेचे नियम आधी विचारून घ्यावेत.

या पद्धतीचे अभ्यास आशादायक असले तरी बरेचसे लहान आहेत. त्यामुळे चालू औषधे किंवा समुपदेशन यांना हा पर्याय समजू नये. मुलीने स्वतःला इजा करण्याचा किंवा जगणे नकोसे झाल्याचा उल्लेख केला, तर गटाच्या दिवसाची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांना गाठावे.

पहिल्या एक-दोन बैठकींनंतर ती ‘कंटाळवाणं आहे’ म्हणेल. तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये. चित्र घरी आणलेच, तर काळा रंग पाहून अर्थ लावत बसू नका, आणि पाहुण्यांना तर मुळीच दाखवू नका. ते कुठे ठेवायचे, एवढेच तिला विचारा.